सादो बेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला निघालेल्या मराठी माणसाची यादी साधारण ठरलेली असते: तोक्यो, क्योतो, हिरोशिमा, जमलं तर फुजी. सादोचं नाव त्यात सहसा नसतं. कुणी काढलंच तर पुढचा प्रश्न येतो, "ते सोन्याच्या खाणीचं बेट ना?" हो, तेच. पण ते सोनं बेटावर राहिलंच नाही. बोटींत भरून एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, गेलं. बेटाकडे उरलं ते निराळंच, आणि खालच्या बहुतेक उत्तरांत त्याचीच माहिती आहे.

सादो नेमकं आहे कुठे?

जपानच्या मुख्य बेटाच्या, म्हणजे होन्शूच्या, पश्चिमेला जपानच्या समुद्रात. निइगाता प्रांतात मोडतं. होन्शूचा किनारा जवळात जवळ तीसेक किलोमीटरवर. चार मुख्य बेटं सोडली तर ओकिनावानंतर सादोचाच नंबर लागतो. क्षेत्रफळ सुमारे 855 चौरस किलोमीटर. बृहन्मुंबई 603 चौरस किलोमीटरची आहे, त्यावरून अंदाज घ्या. मात्र या सगळ्या जागेत 2020 च्या जनगणनेनुसार माणसं होती जेमतेम 51,500, आणि त्यानंतरही आकडा खालीच चालला आहे. 1950 च्या सुमारास तो सव्वा लाखाच्या आसपास होता. 2004 मध्ये बेटावरची दहाही गावं-शहरं एकत्र करून एकच 'सादो शहर' केलं, त्यामुळे कागदोपत्री अख्खं बेट एक शहर आहे. प्रत्यक्षात तुम्हाला दिसतील ती खाचरं, डोंगर आणि कोळीवाडे.

बेटाची रचना कशी आहे?

दोन डोंगररांगा एकमेकींना समांतर, पण जरा सरकलेल्या. उत्तरेची ओसादो उंच. तिच्यातलं किन्पोकू शिखर 1,172 मीटरचं. दक्षिणेची कोसादो बुटकी आणि सौम्य. दोन्हींच्या मध्ये कुनिनाकाचं सपाट मैदान, आणि बेटाचं बहुतेक भात तिथेच पिकतं. मैदानाच्या एका टोकाला र्योत्सूचा उपसागर, दुसऱ्या टोकाला मानोचा. र्योत्सूला लागूनच कामो सरोवर आहे. मेइजी काळात (1868 ते 1912) ते समुद्राला जोडलं, पाणी मचूळ झालं आणि कालवं वाढवण्याचा धंदा उभा राहिला. आजही पाण्यावर कालव्यांचे तराफे रांगेनं दिसतात.

किनारा सुमारे 280 किलोमीटर. उत्तर टोकाला ओनोगामे नावाचा 167 मीटर उंचीचा एकसंध कातळ थेट समुद्रातून उठतो. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला त्याच्या पायथ्याचा उतार पिवळ्या कान्झो फुलांनी भरून जातो. जवळच साइनोकावारा ही गुहा आहे. लहानपणी वारलेल्या मुलांसाठी लोकांनी ठेवलेल्या जिझोच्या, म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या बोधिसत्त्वाच्या, शेकडो छोट्या मूर्ती तिथे दाटीनं उभ्या आहेत. फोटो काढायची जागा नव्हे ती. गेलात तर गप्प उभे राहा आणि पुढे चला.

इतक्या उत्तरेला बर्फच बर्फ असेल ना?

डोंगरावर असतो. किनाऱ्यावर मात्र वाटतो त्यापेक्षा बराच कमी, कारण बेटाजवळून त्सुशिमाचा उबदार सागरी प्रवाह वाहतो. त्यामुळे एकाच बेटावर संत्र्याच्या जातीची फळंही पिकतात आणि सफरचंदंही. हिवाळ्यात खरा त्रास वायव्येच्या वाऱ्याचा. समुद्र खवळतो आणि बोटी रद्द होतात.

सादोला लोकांना शिक्षा म्हणून पाठवायचे, हे खरं का?

अगदी खरं, आणि शेकडो वर्षं. 724 मध्ये दरबारानं हद्दपारीची ठिकाणं अंतरानुसार ठरवून दिली, तेव्हा सादो 'सर्वांत दूर' या वर्गात गेलं. पण इथे चोर-दरोडेखोर पाठवत नसत. ज्यांना मारणं राजकीयदृष्ट्या अडचणीचं आणि राजधानीत ठेवणं त्याहून अडचणीचं, अशांसाठी ही जागा होती: दरबारी, कवी, भिक्षू, आणि एक सम्राटसुद्धा. आजही कुनिनाका भागातल्या चालीरीतींवर क्योतोच्या दरबाराची छाप आहे, खाणीच्या आइकावा गावावर एदोच्या सामुराई कारभाराची आणि ओगी बंदरावर व्यापाऱ्यांची, असं बेटावरचे लोक सांगतात. विभागणी जरा जास्तच नीटनेटकी आहे, पण फिरताना ती खोटीही वाटत नाही.

त्यातले प्रसिद्ध कोण?

तिघांची नावं लक्षात ठेवा.

पहिला सम्राट जुन्तोकू. 1221 मध्ये कामाकुराच्या लष्करी सत्तेविरुद्ध दरबारानं केलेला उठाव फसला. वडील गो-तोबा यांना ओकी बेटावर धाडलं आणि या तरुण मुलाला सादोवर. 21 वर्षं तो इथेच राहिला आणि 1242 मध्ये इथेच वारला. शंभर कवींच्या शंभर कवितांचा 'ह्याकुनिन इश्शू' हा संग्रह जपानी मुलं खेळाच्या पत्त्यांवरून पाठ करतात. त्यातली शेवटची, शंभरावी कविता त्याची आहे.

दुसरा निचिरेन. सद्धर्मपुंडरीक हे बौद्ध सूत्र हाच एकमेव मार्ग, बाकी पंथ देश बुडवणार, असं तो राज्यकर्त्यांच्या तोंडावर सांगत असे. 1271 मध्ये त्याची मान उडवता उडवता राहिली आणि रवानगी सादोला झाली. राहायला मिळालं स्मशानातलं एक मोडकं देऊळ, ऐन हिवाळ्यात, छपरातून बर्फ आत. आबुत्सुबो नावाचा एक वयस्क गृहस्थ आणि त्याची बायको रात्री लपूनछपून त्याला जेवण पोचवत. पंथाच्या गाभ्याचे दोन ग्रंथ, 'काइमोकुशो' आणि 'कान्जिन नो होन्झोन शो', निचिरेननं याच बेटावर लिहिले. 1274 मध्ये माफी मिळून तो परतला. पुढे म्हातारा आबुत्सुबो समुद्र ओलांडून, डोंगर चढून त्याला होन्शूवर मिनोबूच्या डोंगरात भेटायला जात असे. राजे-महाराजांच्या कहाण्यांपेक्षा मला हा म्हातारा जास्त जवळचा वाटतो.

तिसरा झेआमी, नोह या मुखवट्यांच्या पारंपरिक नाट्याला आजचं रूप देणारा कलावंत. शोगून, म्हणजे लष्करी सत्ताधीश, अशिकागा योशिनोरीची मर्जी फिरली आणि 1434 मध्ये, वयाच्या सत्तरीत, त्याला इथे पाठवलं. गुन्हा काय होता, हे कोणत्याही कागदात सापडत नाही. इथे त्यानं 'किंतोशो' ही छोटी रचना लिहिली. रडगाणं नाही, बेटाचं वर्णन आहे, देवळं आहेत, प्रवास आहे.

वरळीच्या जपानी बुद्धमंदिराचा याच्याशी काही संबंध आहे का?

आहे. त्या मंदिरात ढोलाच्या ठेक्यावर जो 'नमु म्योहो रेंगे क्यो' हा घोष चालतो, तो निचिरेनचाच. मंदिर निप्पोन्झान म्योहोजी या पंथाचं. त्याचे संस्थापक निचिदात्सू फुजी 1931 मध्ये भारतात आले आणि 1933 मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले. वर्ध्याचा विश्वशांती स्तूपही त्याच परंपरेतला. म्हणजे सादोच्या स्मशानातल्या त्या देवळात बसून लिहिणाऱ्या भिक्षूचा घोष आज वरळी नाक्यापासून हाकेच्या अंतरावर ऐकू येतो.

सोनं सापडलं कधी, आणि निघालं किती?

नदीच्या वाळूतलं सोनं फार जुनं. निशिमिकावा भागात ते चाळून काढत, त्याचा उल्लेख बाराव्या शतकातल्या कथासंग्रहातही येतो. 1542 मध्ये त्सुरुशीला चांदी सापडली आणि 1601 मध्ये आइकावाला सोन्या-चांदीची मोठी शीर. जपानची सत्ता नुकतीच हाती आलेल्या तोकुगावा इएयासूनं लगोलग सगळं बेट थेट आपल्या ताब्यात घेतलं. मधे कोणी सरदार नाही, एदोहून नेमलेला बुग्यो कारभार बघणार. सतराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत वर्षाला 400 किलोपर्यंत सोनं आणि 40 टनांच्या आसपास चांदी निघायची. नाणीसुद्धा बेटावरच पाडत. खाण 1989 मध्ये थांबली तोवरचा एकूण हिशेब 78 टन सोनं आणि 2,330 टन चांदी. बोगदे जोडले तर लांबी सुमारे 400 किलोमीटर.

या घाईची सगळ्यात ठळक खूण म्हणजे दोयू नो वारितो. डोंगरमाथ्यावर शीर दिसली, लोकांनी वरूनच खणायला सुरुवात केली आणि शिरेमागे खाली खाली गेले. आज डोंगर मधोमध दुभंगलेला दिसतो. चीर 30 मीटर रुंद आणि 74 मीटर खोल. छिन्नी-हातोड्यानं केलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती निसर्गाचीच करामत वाटते.

खाणीत काम कोण करायचं?

दगड फोडणारे कसबी खाणकामगार असत, त्यांना मजुरी चांगली मिळे. आयुष्य मात्र थोडकं, कारण दगडाची धूळ आणि दिव्यांचा धूर फुप्फुसं खाऊन टाकी. आइकावात 'यावारागी' नावाचा एक विधी आजही होतो. खाणदेवाचं मन आणि कातळ दोन्ही मऊ पडावेत म्हणून गाणी म्हणायची, नाच करायचा.

सगळ्यात वाईट काम पाणी उपसण्याचं. बोगदे समुद्रसपाटीखाली गेले तसं पाणी भरू लागलं. त्यासाठी 'सुइशोरिन' वापरत: एक लांब लाकडी नळी, आत मळसूत्रासारखं पातं. नळी तिरकी पाण्यात बुडवायची आणि वरचा दांडा फिरवत राहायचं. एकीतलं पाणी हौदात, त्या हौदातून दुसरी नळी, मग तिसरी. दांडा थांबला की पाणी पुन्हा चढलं. 1691 ते 1696 मध्ये सुमारे एक किलोमीटर लांबीचा पाणी वाहून नेणारा बोगदा खणला, तोही दोन्हीकडून एकाच वेळी आणि टोकं बरोबर जुळवून. तरी उपसा संपला नाही. 1778 पासून एदोतल्या बेघर, नावनोंदणी नसलेल्या माणसांना पकडून इथे आणायला सुरुवात झाली. त्यांच्यातल्या पुष्कळांचा गुन्हा इतकाच, की त्यांना घर नव्हतं. सुमारे 1,800 जणांना असं आणलं गेलं. त्यांच्यातल्या 28 जणांची नावं कोरलेला एक दगड डोंगरात आहे. खाणीचं तिकीट काढणाऱ्यांपैकी फार थोडे तिथवर जातात. तुम्ही जा.

जागतिक वारसा यादीच्या वेळी दक्षिण कोरियाशी वाद कशावरून झाला?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळावरून. खाण तेव्हा मित्सुबिशीकडे होती आणि 1940 ते 1945 दरम्यान कोरियातून सुमारे 1,500 मजूर इथे आणले गेले. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता. दक्षिण कोरिया याला सक्तीची मजुरी म्हणतो. जपान सरकार तो शब्द टाळतं. जपाननं अर्ज भरताना वारशाचा काळ एदो युगाच्या, म्हणजे तोकुगावा राजवटीच्या, अखेरपर्यंतच (1868) धरला: यंत्राशिवाय, हातांनी सोनं काढण्याचं तंत्र, म्हणून. तंत्राच्या दृष्टीनं हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे, पण विसावं शतक त्यातून आपोआप बाहेर राहतं, हेही उघड आहे. युनेस्कोच्या सल्लागार संस्थेनंही खाणीचा संपूर्ण इतिहास मांडा, असं सांगितलं. शेवटी आइकावाच्या संग्रहालयात कोरियन मजुरांविषयी दालन उघडलं आणि 27 जुलै 2024 रोजी 'सादो बेटावरील सोन्याच्या खाणी' यादीत दाखल झाल्या. तो निर्णय झाला नवी दिल्लीत, कारण जागतिक वारसा समितीची बैठक त्या वर्षी पहिल्यांदाच भारतात भरली होती.

वाद तिथे मिटला नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये सादोवर मजुरांच्या स्मरणाचा कार्यक्रम झाला, त्यावर दक्षिण कोरियानं बहिष्कार टाकला आणि दुसऱ्या दिवशी मजुरांच्या जुन्या वसतिगृहाच्या जागी स्वतंत्र कार्यक्रम केला.

खाण बघता येते का?

येते. दोन बोगदे खुले आहेत, एक एदो काळातला आणि एक मेइजी काळातला. पहिल्यात हलणारे-बोलणारे यांत्रिक पुतळे ठेवलेत. मुलांना आवडतात, मला जरा भडक वाटतात. खाली किताझावाला 1930 च्या दशकातल्या खनिज शुद्ध करणाऱ्या कारखान्याचे काँक्रीटचे सांगाडे आहेत, वेलींनी झाकलेले. फोटोंसाठी सगळे तिथेच जातात. बोगद्यांत उन्हाळ्यातही गारठा असतो, अंगावर जाकीट ठेवा.

एवढ्याशा बेटावर नोहचे इतके रंगमंच कसे?

झेआमीमुळे, असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. झेआमी आला तेव्हा म्हातारा होता, एकटा होता, आणि त्यानं इथे शिष्यपरंपरा उभी केल्याचा पुरावा नाही. नोह रुजलं ते त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी. खाणीचा कारभार पाहायला आलेला ओकुबो नागायासू स्वतः सारुगाकू, म्हणजे नोहच्या परंपरेतल्या, कलावंतांच्या घरातला होता. 1604 मध्ये तो सादोला आला तेव्हा नट-वादकांना बरोबर घेऊन आला. (1613 मध्ये तो मेल्यावर त्याच्यावर अफरातफरीचा ठपका आला आणि त्याच्या मुलांना देहदंड झाला. सोन्याजवळ बसणाऱ्याचं असं व्हायचंच.)

खरी गंमत पुढे आहे. होन्शूवर नोह ही सामुराईंची मिरासदारी होती. सादोवर मात्र ते देवळांच्या अंगणात उतरलं आणि शेतकऱ्यांनी उचललं. एके काळी बेटावर 200 हून अधिक रंगमंच होते. आज 30 च्या वर उरलेत, आणि जपानमधल्या नोह रंगमंचांपैकी जवळपास एक तृतीयांश एकट्या सादोवर आहेत, असं सांगतात. दाइझेन देवळातला रंगमंच 1846 चा, गवताच्या छपराचा, बेटावरच्या उभ्या असलेल्यांत सर्वांत जुना. जूनमध्ये मशालींच्या उजेडात प्रयोग होतात. काम करणारे दिवसा शेतकरी, दुकानदार, कचेरीतले कारकून. प्रेक्षक गवतावर बसून डबा उघडतात. क्योतोच्या बंदिस्त नाट्यगृहातला कडक शिष्टाचार इथे शोधू नका.

नोहच्या जोडीला तीन जातीचे बाहुल्यांचे खेळही टिकलेत: नोरोमा, सेक्क्यो आणि बुन्या. नोरोमाचा चावटपणा समजायला भाषा लागत नाही.

ते राक्षसाचा मुखवटा घालून ढोलावर नाचतात, ते काय?

ओन्देको. शंभराहून जास्त वाड्या-वस्त्यांचे आपापले संच आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी. सणाच्या दिवशी भल्या सकाळी निघायचं आणि गावातल्या प्रत्येक घरासमोर नाचायचं. राक्षस इथे वाईट नाही, तो घराची पीडा घालवायला आलेला असतो. ढोल गाडीवर किंवा माणसांच्या खांद्यावर, राक्षस टिपऱ्या उगारून एका पायावर तोल सांभाळत ढोलाभोवती फिरतो, मधेच थबकतो, केस उडवतो आणि मग एकच ठोका देतो. घरचा माणूस साके, म्हणजे तांदळाची दारू, पाजतो. दुपारपर्यंत राक्षसाची चाल जरा सैल होते, ते का हे सांगायला नको. एप्रिलच्या मध्यात गेलात तर एकाच दिवशी अनेक गावांचे सण सापडतात.

कोदो हे ढोलवादक इथलेच का?

इथलेच, पण इथे जन्मलेले नव्हेत. 1970 च्या सुमारास तरुणांचा एक गट बाहेरून सादोला येऊन राहिला, पळायचं आणि ढोल वाजवायचे असा कडक दिनक्रम ठेवून. त्याच गटातल्या मंडळींनी 1981 मध्ये कोदो स्थापन केलं आणि पहिला प्रयोग बर्लिनला केला. 1988 पासून ते उन्हाळ्यात ओगीला 'अर्थ सेलिब्रेशन' हा महोत्सव भरवतात. नवे शागीर्द आजही बेटावर राहून शिकतात आणि शेतीही करतात.

तोकी पक्ष्याची गोष्ट काय आहे?

ही जरा सावकाश सांगायला हवी. तोकी म्हणजे आपल्याकडच्या शराटीच्या कुळातला पक्षी. अंग पांढरं, चेहरा लाल, लांब वाकडी चोच, आणि पंख उघडले की आतून गुलाबी-केशरी रंग. शास्त्रीय नावच 'निप्पोनिया निप्पोन'. एके काळी जपानभर होता. पिसांसाठी शिकार झाली, मग कीटकनाशकांनी खाचरांतले मासे-बेडूक मेले, आणि होता होता तो एकट्या सादोच्या डोंगरात उरला. शेतकऱ्यांनाही फार प्रेम नव्हतं, कारण हा पक्षी चरताना भाताची रोपं तुडवतो.

1968 मध्ये एका स्थानिक माणसाला तोकीचं एक पिल्लू पकडायला सांगितलं गेलं. त्यानं रोज खाऊ घालून त्याचा विश्वास मिळवला आणि एके दिवशी त्याला हातांत धरलं. ती मादी होती. त्या माणसाच्या नावावरून तिचं नाव पडलं 'किन'. विश्वासघात केल्याची बोच त्याला आयुष्यभर राहिली, असं सांगतात. 1981 मध्ये रानात उरलेले शेवटचे पाचही पक्षी पकडले. पिल्लं झाली नाहीत. किन सगळ्यांच्या मागे उरली आणि 2003 मध्ये एके दिवशी अचानक उडाली, पिंजऱ्यावर आपटली आणि गेली. जपानी वंश तिथे संपला.

पण 1981 मध्येच चीनच्या शान्शी प्रांतात सात रानटी तोकी सापडले होते. त्या वंशातली एक जोडी चीननं भेट दिली, ती 1999 मध्ये सादोला आली आणि त्याच वर्षी पहिलं पिल्लू झालं. 2008 च्या सप्टेंबरमध्ये 10 पक्षी मोकळे सोडले. सगळं सुरळीत झालं असं नाही. 2010 मध्ये सरावाच्या पिंजऱ्यात मार्टेन हा मुंगसासारखा प्राणी शिरला आणि त्यानं नऊ पक्षी मारले. हा प्राणी मूळचा बेटावरचा नाही. वनखात्याला सशांचा उपद्रव नको होता म्हणून 1960 च्या आसपास माणसांनीच तो आणून सोडला होता. 2012 मध्ये रानात पहिली पिल्लं उडाली, आणि आज मोकळ्या तोकींची संख्या 500 च्या वर आहे.

पण ते जगले कसे? खाचरं तर तीच होती.

खाचरं बदलली. हेच या सगळ्यातलं अवघड काम होतं आणि ते पक्षीतज्ज्ञांनी नाही, साठी-सत्तरीतल्या शेतकऱ्यांनी केलं. 2008 पासून शहरानं तांदळाला प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. अटी अशा: रासायनिक खत आणि औषध नेहमीच्या निम्मं किंवा त्याहून कमी, बांधावर तणनाशक नाही, आणि वर्षातून दोनदा शेतकऱ्यानं स्वतः चिखलात उतरून आपल्या खाचरात कोणकोणते जीव आहेत ते मोजायचं. शिवाय काही जण खाचराच्या कडेनं एक खोलगट चर राखतात. लावणीनंतर मधे काही दिवस पाणी काढून जमीन वाळवतात, तेव्हा मासे, बेडकाची पिल्लं, भिंगऱ्या त्या चरात जाऊन जगतात. काही जण हिवाळ्यातही खाचरात पाणी ठेवतात. काही जण पाटातून खाचरात मासे चढावेत म्हणून छोट्या उतरणी बांधतात.

उत्पन्न घटतं, तण काढायला पाठ मोडते. तांदळाला भाव जास्त मिळतो, म्हणून हिशेब कसाबसा जुळतो. याच शेतीमुळे 2011 मध्ये सादोला जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशाचा दर्जा मिळाला. इवाकुबीसारखी डोंगरावरची पायऱ्यांची खाचरं तर थेट खाणीची देणगी आहेत: आइकावात हजारो तोंडं वाढली, तांदूळ कमी पडू लागला आणि लोकांनी चढावर चढ फोडले. खाण बंद पडली, खाचरं अजून पिकतात. 2012 मध्ये याच खाचरांतून बेडकाची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली, पिवळ्या पोटाची, सादोशिवाय कुठेही नसलेली.

बेटावर कोल्हे नाहीत म्हणे?

नाहीत. दंतकथा अशी, की दांझाबुरो नावाच्या मुजिनानं, म्हणजे रूप बदलणाऱ्या मायावी तानुकीनं (रॅकूनसारख्या दिसणाऱ्या रानप्राण्यानं), कोल्ह्याला फसवून बेटाबाहेरच ठेवलं. हा दांझाबुरो गरजूंना पैसे उधार द्यायचा. खाणीच्या गावचं भूतसुद्धा सावकार निघावं, हे बरोबरच.

उत्तर कोरियानं इथून माणसं पळवली होती का?

हो. 1978 च्या ऑगस्टमध्ये हितोमी सोगा या तरुण परिचारिकेला आणि तिच्या आईला किराणा घेऊन घरी परतताना पळवून नेलं. हितोमी 2002 मध्ये परत आल्या. त्यांचे पती चार्ल्स जेन्किन्स, 1965 मध्ये सीमा ओलांडून गेलेले अमेरिकी सैनिक, 2004 मध्ये सादोला आले, पर्यटकांच्या दुकानात बिस्किटं विकायचं काम करत राहिले आणि 2017 मध्ये वारले. आई मियोशी यांचा पत्ता आजतागायत नाही. बेटावर हा इतिहास नाही, चालू दुःख आहे. विषय जपून काढावा.

ओगीच्या लाकडी टबांच्या बोटी फक्त पर्यटकांसाठी आहेत का?

ज्यात तुम्ही बसाल ती, हो. पण मूळ कामाच्या. 1802 च्या भूकंपात ओगीचा किनारा उचलला गेला, खडकांमध्ये चिंचोळ्या फटी तयार झाल्या आणि साधी होडी तिथे वळेना. मग मिसोच्या, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याच्या, पिंपाच्या धर्तीवर हे टब बनवले. वल्हं एकच, समोरच्या बाजूला. ते इंग्रजी आठाच्या आकड्यात फिरवावं लागतं. नवख्यानं घेतलं की टब जागच्या जागी गोल फिरतो. गावातले काही लोक अजूनही त्यातून शंखगोगलगायी आणि समुद्री शेवाळ काढतात: पाण्यावर काचेचं भांडं टेकवून आत बघायचं आणि लांब काठीनं उचलायचं.

तिथूनच जवळ शुकुनेगी आहे, किनारपट्टीवर व्यापार करणाऱ्या जहाजांच्या मालकांचं आणि सुतारांचं गाव. जागा इतकी अपुरी की एक घर चक्क त्रिकोणी. ही जहाजं माल आणत तशी गाणीही आणत. 'सादो ओकेसा' हे बेटाचं सर्वांत प्रसिद्ध लोकगीत मूळ क्यूशूच्या खलाशांच्या गाण्यातून आलेलं आहे.

शाकाहारी माणसाचं काय?

खरं सांगायचं तर कठीण. सादोची ख्याती हिवाळ्यातल्या बुरी माशाची, खेकड्याची, कालव्यांची. मासे दिसत नसले तरी रस्सा उडत्या माशाच्या किंवा बोनितोच्या अर्काचा असतो, आणि 'शाकाहारी आहे' म्हटल्यावर तो अर्क काढायचं कुणाच्या मनात येत नाही. घरगुती मुक्कामाच्या जागी आठवडाभर आधी स्पष्ट लिहून कळवा: मांस नाही, मासे नाही, माशाचा अर्क नाही. भात मात्र इतका चांगला की नुसता खावा. सोबत लोणचं, तोफू, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात ओकेसा पर्सिमन ही बिनबियांची फळं. इगोनेरी हा समुद्री शेवाळाचा थापलेला पदार्थ शाकाहारीच आहे, पण तो सोया सॉसबरोबर देतात, तेव्हा रस्सा घातलाय का ते विचारा. मेतकूट न्याच.

जायचं कसं, आणि केव्हा?

तोक्योहून शिन्कान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, निइगाता, सुमारे दोन तास. तिथून बंदरावर बस, मग र्योत्सूला दोन तऱ्हेच्या बोटी: मोठी कार-फेरी अडीच तास घेते, जेटफॉइल 67 मिनिटं. जेटफॉइलमध्ये पट्टा बांधून बसावं लागतं. मला फेरी बरी वाटते, डेकवर उभं राहता येतं. नाओएत्सूहून ओगीला दुसरा मार्ग आहे, तो हिवाळ्यात बंद. विमानतळ आहे, पण धावपट्टी 890 मीटरची. बोटीचाच भरवसा धरा.

मे-जून सर्वांत उत्तम: फुलं, लावणी झालेली खाचरं, नोह. जानेवारी-फेब्रुवारीत जाणार असाल तर परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवा.

बेटावर फिरायला गाडी लागतेच का?

जवळपास लागतेच, बसच्या फेऱ्या कमी आहेत. आपला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जपानमध्ये चालतो आणि गाडी डावीकडूनच चालवतात, त्यामुळे अडचण येत नाही. उत्तरेच्या किनाऱ्यावरचा रस्ता काही ठिकाणी एकेरी आणि वळणांचा आहे. पेट्रोल पंप तिकडे विरळ आहेत आणि संध्याकाळी लवकर बंद होतात. निघतानाच टाकी भरून घ्या. खाचरात तोकी दिसला तर गाडी थांबवा, पण उतरू नका. दार उघडलं की तो उडतो, गाडीला घाबरत नाही.